आझाद मैदानावर आंदोलन आहे, दुकान बंद ठेवू का?

ताई, बोराबाजारात पोळीभाजी केंद्र सुरू करून तुम्हाला आठच महिने झालेत. पुढच्या आठवड्यात आझाद मैदानावर मोठं आंदोलन येतंय, शेजारी ‘चार दिवस शटर ओढा आणि गावाला जा’ म्हणतायत, आणि तुम्ही विचारलंत की खरंच बंद ठेवू का. माझं स्टेशनरीचं दुकान तुमच्यापासून दोन-तीन गल्ल्यांवर, अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत शटर बऱ्याचदा ओढलं. त्यातलं निम्म्या वेळा उगाच.

आधी येतंय ते काय आहे ते विचारून घ्या. मोर्चा, बेमुदत उपोषण की बंद? तिन्हींचा हिशोब वेगळा. मोर्चा आला तसा जातो. ९ ऑगस्ट २०१७ला भायखळ्याहून मराठा मोर्चा आला तेव्हा मुंगी शिरायला जागा नव्हती, पण तो एका दिवसाचा मामला होता. मार्च २०१८मध्ये नाशिकहून चालत आलेले शेतकरी तर दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून सोमय्या मैदानावरून रात्रीच निघाले आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात येऊन बसले. अशा दिवशी धंदा मंद असतो, बुडत नाही.

मुक्काम पडला की मात्र गणित बदलतं. २९ ऑगस्ट २०२५ आठवा, मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगेंचं उपोषण. परवानगी एका दिवसाची, पाच हजार माणसांची, संध्याकाळी सहापर्यंत. प्रत्यक्षात सीएसएमटीसमोरचा चौक माणसांनी भरला, पावसाने मैदानाचा चिखल झाला, लोक स्टेशनातच झोपले, आणि उच्च न्यायालयाने रस्ते मोकळे करायला सांगितल्यावर २ सप्टेंबरला उपोषण सुटलं. म्हणजे पाच दिवस. तेही गौरी-गणपतीचे. तेव्हा परवानगीच्या कागदावरच्या आकड्यावर जाऊ नका. माणसं पांघरुणं आणि शिधा घेऊन निघालीत का ते बघा, मुक्काम किती ते तिथे कळतं.

त्या पहिल्या दिवशी आपल्याकडची खाण्यापिण्याची बरीच दुकानं बंद होती. मीही भीतीने अर्धं शटर खाली घेऊन आत बसलो होतो. बीडकडचे एक काका आले, भिजलेले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचं. म्हणाले, ‘पाणी इकत तरी द्या.’ माझ्याकडे वह्या, पेनं आणि माझी स्वतःची बाटली. तीच दिली. संध्याकाळी ते चार जण घेऊन परत आले आणि माझ्याकडून प्लास्टिकचे मोठे कागद आणि सुतळी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शटर पूर्ण वर. पुढे गावागावांतून भाकरी-ठेच्याचे टेम्पो आले, पण पहिले दीड दिवस पोळीभाजी हातोहात गेली असती. तुमचा धंदा खाण्याचा आहे ताई, तुम्ही बंद ठेवायचा विचार सगळ्यात शेवटी करा.

फक्त रोजचं दुकान चालवू नका. ऑफिसवाले घरून काम करतील, डबे निम्म्यावर येतील, म्हणून पनीर, मटार असलं नाशवंत कमी घ्या. एक सुकी भाजी, पोळ्या, ठेचा, चहा. पार्सलच द्या, बसायची बाकडी आत घ्या. भाव एक रुपयाही वाढवू नका. लोक ते वर्षभर लक्षात ठेवतात, आंदोलक आणि गल्लीतलेही. पीठ, तेल, कांदे-बटाटे आणि पाण्याचे जार आदल्या रात्री आत आले पाहिजेत, कारण सकाळी टेम्पो डी. एन. रोडला वळेलच याचा भरवसा नाही आणि हातगाडीवाला दुप्पट मागेल.

पोळ्या लाटणाऱ्या बायका कुठून येतात? डोंबिवली, कळव्याकडून असतील तर एकीला तरी मुंबईतच नातेवाइकांकडे राहायची सोय होते का बघा. आता मेट्रो ३ आहे, सीएसएमटीच्या गर्दीत न अडकता काळबादेवी किंवा हुतात्मा चौकाला उतरून चालत येता येतं. उशिरा आल्याबद्दल पगार कापू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या येणारच नाहीत.

आणि सुट्टे पैसे. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क झोपतं, साउंड बॉक्स मुका होतो, गिऱ्हाईक ‘पैसे गेले’ म्हणून स्क्रीन दाखवत राहतं आणि मागे तीस जण उभे. दहा-वीसच्या नोटा आधीच आणून ठेवा. गल्ला मात्र दर दोन तासांनी रिकामा करा.

बंदची हाक असेल तर माझा सल्ला उलटा. बळजबरीचा बंद बेकायदा आहे. २००३च्या बंदबद्दल उच्च न्यायालयाने २००४मध्ये शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी वीस लाखांचा दंड लावला होता. पण न्यायालय तुमच्या काउंटरवर उभं राहणार नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत शटर खालीच ठेवा, गल्लीचा रंग बघून मग उघडा.

विम्याचं एक सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. एजंट म्हणाला होता ‘सगळं कव्हर आहे’. पॉलिसीत दंगल, संप आणि हेतुपुरस्सर केलेल्या नुकसानीचं कलम होतंही. पण ते काच फुटली, माल जळला यासाठी. गिऱ्हाईकच आलं नाही म्हणून बुडालेला धंदा त्यात येत नाही, नफ्याच्या नुकसानीचा विमा वेगळा काढावा लागतो. मी अर्ज केला, दोन महिने खेटे घातले आणि एक ओळीचं नकाराचं पत्र आलं. तुमची पॉलिसी आज रात्री वाचा, आणि दुकानातल्या फ्रिज, गॅस शेगडी, काउंटरचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

पोलीस दुकानं बंद करायला सांगतात तेव्हा वाद न घालता करा. पण ‘बंद करायचा आदेश आलाय’ असं शेजारी म्हणाला तर कुणी दिला ते चौकीवर जाऊन विचारा. आपल्या गल्लीत असे आदेश चहाच्या टपरीवर निघतात.

कचऱ्याचे दोन मोठे डबे बाहेर ठेवा. व्यावसायिक सिलिंडरचा नंबर मात्र उद्याच लावा, सोमवारी गॅसवाला फोन उचलणार नाही.