वाचकांचे प्रश्न : अ‍ॅरिझोनाच्या घळींतील पक्षी आणि कॅमेरा

प्रश्न : आमची मुलगी अ‍ॅरिझोना राज्यातील टुसॉन येथे राहते. जुलैअखेर आम्ही दोघे तिच्याकडे महिनाभर जाणार आहोत. वाळवंटातल्या ऐन उन्हाळ्यात पक्ष्यांची छायाचित्रे काढणे शक्य होईल का? माझ्याकडे १००-४०० मिमीची लेन्स आहे. हमिंगबर्ड आणि ट्रोगन यांची विशेष ओढ आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण निवडलेला काळ उत्तम आहे. मे आणि जून हे महिने तेथे कोरडे आणि कडक जातात. परंतु जुलैच्या सुमारास मेक्सिकोकडून दमट वारे येऊ लागले की दुपारी आपल्या वळवासारखा विजांसह पाऊस कोसळतो, डोंगर हिरवे होतात, फुले आणि कीटक वाढतात, आणि ऑगस्टमध्ये उत्तरेकडून परतणाऱ्या हमिंगबर्डांची त्यात भर पडते.

टुसॉनपासून दक्षिणेला मोटारीने तासाभरावर असलेली, सांता रिटा पर्वतातील मडेरा कॅन्यन ही घळ आपल्याला सर्वांत सोयीची आहे. टुसॉन समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, घळीतील राहण्याची ठिकाणे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, तर वरचे माउंट राइटसन शिखर सुमारे २,८८० मीटरवर आहे. त्यामुळे पायथ्याशी निवडुंगांचे वाळवंट आणि वर ओक, सिकॅमोर व पाइनची झाडी, असा सारा पालट एकाच सकाळी पाहता येतो. हवाही शहरापेक्षा सुखद असते. तरीही पहाटेच पोहोचावे, कारण सकाळ सरली की पक्षी सावलीत गप्प बसतात आणि तापलेल्या जमिनीवरच्या थरथरत्या हवेमुळे दूरच्या पक्ष्याचे चित्र कितीही चांगल्या लेन्सने स्पष्ट येत नाही.

हमिंगबर्डांसाठी घळीत साखरपाण्याची भांडी टांगलेली असतात आणि तेथे बसून पाहण्याची सोयही असते. नवखे छायाचित्रकार भांड्यावरच कॅमेरा रोखतात. मी आपल्याला त्याच्या शेजारची एखादी वाळकी काटकी निवडायला सांगेन. भांड्यावर येण्यापूर्वी किंवा एकमेकांना हुसकावून लावल्यावर हे पक्षी ठरावीक काटकीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतात, म्हणून तिच्यावर फोकस साधून ठेवला की निम्मे काम झाले. ब्रॉड-बिल्ड हमिंगबर्डचा नर लाल, टोकाशी काळ्या चोचीमुळे चटकन ओळखता येतो. मोठ्या रिव्होली हमिंगबर्डचा नर मात्र सावलीत निव्वळ काळा दिसतो आणि मान वळवताच कपाळ जांभळे व गळा हिरवा झळाळून उठतो. ही झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांतील अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची आहे, म्हणूनच ती विशिष्ट कोनातूनच दिसते. प्रकाश आपल्या पाठीमागून येईल असे बसावे आणि पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करीपर्यंत थांबावे. उडताना टिपायचे असल्यास शटर १/३२०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे. घळीत सावली दाट असल्याने आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० पर्यंत न्यावा लागेल. तो खुशाल न्यावा. थोडे दाणेदार पण स्पष्ट चित्र हे नितळ पण हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही चांगले.

एलिगंट ट्रोगन हा आपल्या सह्याद्रीतील कर्ण्याचा नातलग. कर्णा पाहिलेल्यांना त्याची सवय ठाऊक असेल: पक्षी ताठ आणि निश्चल बसतो, आणि हिरवी पाठ आपल्याकडे असेल तर डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ओढ्याकाठच्या सिकॅमोरच्या ढोल्यांत तो घरटे करतो. या झाडाची पांढुरकी साल चौकटीत मोठी आली तर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसून पक्षी काळवंडतो, आणि त्यावर उपाय म्हणून प्रकाश वाढवला तर पोटाचा लाल रंग तपशील हरवून सपाट होतो. म्हणून पहिल्या चित्रानंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावरील लाल रंगाचा आलेख (हिस्टोग्राम) अवश्य तपासावा आणि शक्यतो साल चौकटीबाहेर राहील अशी जागा शोधावी.

प्रश्न : ट्रोगनचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला जवळ बोलावता येते असे ऐकले. तसे करावे का? (एक वाचक, फिनिक्स)

उत्तर : करू नये. ट्रोगनची नर-मादी दोघेही अंडी उबवतात आणि पिलांना भरवतात. परका नर हद्दीत शिरला असे वाटून धावत येणारा पक्षी तेवढा वेळ घरट्यापासून दूर राहतो, आणि या मोजक्या प्रसिद्ध घळींत रोज कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन येतच असतो. चिरिकाहुआ पर्वतातील केव्ह क्रीक कॅन्यनच्या साउथ फोर्क भागात तर वन खात्याने असे ध्वनिमुद्रण वाजवण्यास मनाईच केली आहे. ट्रोगनचा स्वतःचा घोगरा, बेडकासारखा आवाज घळीत बराच दूरवर ऐकू येतो. तो ऐकून दिशा धरावी, पायवाट न सोडता बसावे आणि वाट पाहावी. घरटे सापडले तर तेथे थांबूच नये.

प्रश्न : पावसाळी ढग असताना घळीत जाणे सुरक्षित आहे का? (वरील वाचकाचाच दुसरा प्रश्न)

उत्तर : सकाळी जावे आणि दुपारी ढग जमण्यापूर्वी खाली उतरावे. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वरच्या डोंगरात पाऊस झाल्यास कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो, म्हणून ओढ्याच्या पात्रात मोटार उभी करू नये, की ट्रायपॉडही मांडू नये. पाणी प्रत्येकी किमान ३ लिटर असावे. खडकावर हात टेकण्यापूर्वी नीट पाहावे, कारण तेथे रॅटलस्नेक हे विषारी साप असतात. बंद मोटारीत कॅमेरा ठेवून जेवायला जाऊ नये. उन्हात आतील तापमान लेन्स आणि बॅटरी दोन्हींना अपायकारक ठरते.