आरोग्य-सल्ला : नाळ पडद्यात जोडलेली आहे, काय करायचं?

प्रश्न : मला बाविसावा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. तारीख जुलैअखेरची. माहेर जांबोटीच्या पुढं, बाळंतपण तिथंच करायचं ठरलंय. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत 'वेलामेंटस कॉर्ड इन्सर्शन, सक्सेंच्युरिएट लोब' असं आलंय. सासूबाई म्हणतात, पडूनच राहा. बाळाला धोका आहे का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आधी मनातली भीती काढा. तुमच्या खाण्यापिण्यामुळं किंवा कामामुळं हे झालेलं नाही. साधारण शंभर गरोदरपणांत एकदा असं आढळतं.

एरवी नाळ थेट वारेत (प्लॅसेंटात) शिरते. तुमची नाळ आधी बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीच्या पातळ पडद्यात शिरली आहे आणि तिथून रक्तवाहिन्या सुट्या होऊन वारेपर्यंत जातात. नाळेत त्यांच्याभोवती दाट, चिकट गर असतो, तो दाब सोसतो. पडद्यात हे संरक्षण नाही. सक्सेंच्युरिएट लोब म्हणजे मुख्य वारेपासून अलग असलेला तिचाच लहान भाग. त्याच्याही वाहिन्या पडद्यातूनच जातात.

आता खरा प्रश्न असा, की यातली एखादी वाहिनी गर्भाशयाच्या तोंडावरून किंवा त्याच्या 2 सेंटिमीटरच्या आतून जाते का? त्याला वासा प्रिव्हिया म्हणतात. पाणी फुटताना ती फाटली तर जाणारं रक्त बाळाचं असतं, आणि 3 किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपासच रक्त असतं. नुसत्या पोटावरच्या तपासणीत हे निसटू शकतं. म्हणून लघवी करून येऊन योनिमार्गे कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्या. त्यानं वारेला धक्का लागत नाही. 'तोंडाजवळ वाहिनी नाही' हे रिपोर्टवर लिहून मागा, तोंडी आश्वासनावर थांबू नका.

वाहिनी दिसलीच, तर बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहतात, कारण गर्भाशय वाढताना ती कधी कधी दूर सरकते. तशीच राहिली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि कळा सुरू होण्याआधी, 34 ते 37 आठवड्यांत, सिझेरियन. आधी कळलेल्या केसमध्ये बहुतेक सगळी बाळं वाचतात.

वाहिनी नसेल तर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं, पण जिथं लगेच सिझेरियन होतं आणि रक्त मिळतं तिथंच. जुलैच्या पावसात त्या रस्त्यावर भरवसा ठेवू नका. छत्तिसाव्या आठवड्यापासून बेळगावात, दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडं राहा. माहेरपण नंतर करा. बाळाची वाढ कमी पडू शकते, म्हणून 28, 32 आणि 36 आठवड्यांना सोनोग्राफी हवी. कळांमध्ये बाळाचे ठोके सतत पाहायला सांगा.

तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर, हे निदान ठळक लिहून घ्या. रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टर-नर्सना ते दिसलंच पाहिजे, कारण अशी नाळ जोरानं ओढली तर तुटते आणि सुटा भाग आत राहिला तर आईला मोठा रक्तस्राव होतो. वार बाहेर आल्यावर पसरून तपासावी. पडद्याच्या कडेला वाहिनी फाटून संपलेली दिसली, तर तुकडा आत आहे असं समजून शोधावं लागतं.

सासूबाईंना सांगा, पडून राहिल्यानं नाळ जागा बदलत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. रोजचं हलकं काम, चालणं चालेल. वासा प्रिव्हिया निघाला तर मात्र शरीरसंबंध टाळा. थोडंही रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तस्रावानंतर 72 तासांत अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, ते त्याच वेळी विचारा.