मानेची उशी: आधी उलटी घालून बघा

मुंबई–न्यूयॉर्कसारख्या 15-16 तासांच्या थेट विमानासाठी मानेभोवती घालायची U आकाराची उशी घेताय, तर आधी तिचा मानेमागे येणारा भाग दाबून बघा. तो जाड असेल तर घेऊ नका. सीटचं डोकं टेकायचं टोक बहुतेक वेळा आधीच थोडं पुढे आलेलं असतं. त्यात मानेमागे चार बोटं फोम आला की हनुवटी छातीकडे ढकलली जाते आणि उतरताना मान आखडलेली असते. घरात अशी उशी आहेच? मग उलटी घाला, उघडी बाजू मागे. डुलकी लागल्यावर डोकं पुढे पडतं, आधार तिथे हनुवटीखाली हवा. अवतार जरा विचित्र दिसतो, पण विमानात बघतंय कोण!

हवेची उशी जमिनीवर गच्च फुगवू नका. वर गेल्यावर केबिनमधला दाब साधारण 6 ते 8 हजार फुटांवर असतो तितका उतरतो, आतली हवा पसरते आणि उशी दगडासारखी होते. सीटबेल्टचा दिवा विझल्यावर पाऊण भागच फुगवा. दाबल्यावर अंगठा सहज रुतला पाहिजे. विमान उतरताना ती आपोआप मऊ पडेल, भोक पडलंय असं समजू नका.

आणि कंबर! पाठ पुढे घसरली की मानही वाकते, मग उशी कितीही महागाची असो. एखादा स्वेटर गुंडाळून कमरेच्या पोकळीत सारा. बेल्ट पांघरुणाच्या वरून लावा, नाहीतर हादरे सुरू झाले की तो तपासायला क्रू तुम्हाला उठवणारच.