वहीतल्या तीनशे शब्दांबद्दल

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. तीनशे इंग्रजी शब्द, प्रत्येकासमोर एकेक मराठी अर्थ, अक्षरही कुठे घाईचं नाही. एवढी मेहनत पाहून फार बरं वाटलं. पण सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की वाचताना हे शब्द ओळखू येतात आणि स्वतः लिहायला बसलं की पुन्हा 'व्हेरी गुड' आणि 'व्हेरी इम्पॉर्टंट' हेच हाताशी येतात. त्याचं कारण मला त्या वहीतच दिसलं.

'मिटिगेट'समोर तू लिहिलंयस 'कमी करणे'. चार ओळी खाली 'अलीव्हिएट' आहे, त्याच्यासमोरही 'कमी करणे'. मग 'रिड्यूस' तर तुला आधीपासून येतोच. आता लिहिताना 'कमी करणे' मनात आलं की तीन शब्द एकदम समोर उभे राहतात, आणि त्यातला कुठला घ्यायचा हे सांगणारं वहीत काहीच नाही. मन अर्थातच सवयीचा शब्द उचलतं.

हे दोन शब्द जरा जवळून बघू. 'मिटिगेट' आला आहे लॅटिन 'मीटिस'वरून, म्हणजे मऊ, सौम्य. म्हणून तो धोक्याबरोबर, नुकसानीबरोबर, दुष्परिणामांबरोबर येतो: मिटिगेट द रिस्क, मिटिगेट द इम्पॅक्ट. संकट टळत नाही, त्याची धार बोथट होते. 'अलीव्हिएट'च्या पोटात लॅटिन 'लेव्हिस' आहे, म्हणजे हलकं. तो वेदनेबरोबर, दारिद्र्याबरोबर, हालअपेष्टांबरोबर येतो: अलीव्हिएट पेन, अलीव्हिएट पॉव्हर्टी. मराठीत आपण दुःख हलकं झालं म्हणतोच की! आणि वस्तूच्या किमती कमी करायच्या असतील तर या दोघांचं तिथे काही काम नाही, तिथे साधा 'रिड्यूस'च हवा.

बघ, अर्थापेक्षा शेजाराने शब्द जास्त कळला. जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषावैज्ञानिकाने 1957 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की शब्द कुणाच्या संगतीत असतो त्यावरून तो ओळखावा. मराठीत ही संगत आपल्याला शिकावी लागली नाही. आपण शपथ घेतो पण वचन देतो, आणि 'शपथ करतो' ऐकलं की कानाला खटकतं. इंग्रजीत पाऊस 'हेवी' असतो, वारा मात्र 'स्ट्राँग'. याला नियम नाही. ती जोडी जशीच्या तशी उचलावी लागते, म्हणून वहीत सुटा शब्द लिहूच नकोस. जोडी लिही, शक्यतो जिथे वाचलीस ते आख्खं वाक्य लिही.

मला हे एका चुकीने शिकवलं. शिकवायला लागण्याआधी मी एका कार्यालयात नोकरी करत होते. वरिष्ठ बाईंनी ऐन वेळी लक्ष घातलं म्हणून माझं एक काम वाचलं होतं. आभाराच्या पत्रात मी लिहिलं, 'युवर टाइमली इंटरफिअरन्स'. शब्दकोशात 'हस्तक्षेप' एवढाच अर्थ वाचला होता. त्यांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि शांतपणे विचारलं, "मी ढवळाढवळ केली असं म्हणायचंय का?" मला म्हणायचं होतं 'इंटरव्हेन्शन'. मनापासून आभार मानायचे होते, आणि कागदावर तक्रार उतरली होती. तेव्हापासून मराठी अर्थावर थांबायचं नाही, इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडायचाच, हे मी ठरवलं. शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश यासाठी फार उपयोगी आहेत. 1987 साली निघालेल्या कोबिल्ड शब्दकोशाने तर अर्थच पूर्ण वाक्यात द्यायला सुरुवात केली, त्यामुळे अर्थ वाचतानाच संगतही कळते.

आता कुठले शब्द घ्यायचे? तुझ्या वहीतले निदान शंभर शब्द असे आहेत, जे वर्षभर वाचूनही तुला पुन्हा दिसायचे नाहीत. ते निःशंक सोडून दे. शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार इंग्रजी मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे असायला सुमारे 8000 ते 9000 शब्दकुटुंबं लागतात. आकड्याने घाबरू नकोस. डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळं मिळून एकच कुटुंब. आणि तुझं लक्ष्य अभ्यासाची पुस्तकं आणि लेख असतील, तर आधी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली अभ्यासविषयक शब्दांची यादी बघ. तिच्यात फक्त 570 कुटुंबं आहेत, पण अभ्यासविषयक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. असेस, डिराइव्ह, इम्प्लाय, कॉन्स्टिट्यूट, अशी ती मंडळी. दिसायला साधी, पण नेमकं लिहिण्याची सगळी ताकद त्यांच्यात आहे.

त्याच 98 टक्क्यांवरून वाचायला काय घ्यावं हेही ठरतं. पन्नास शब्दांत एक अनोळखी, म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा. पानावर वीस अडले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेव, त्यात कमीपणा नाही. सहा अडले तर सहाही शोधू नकोस. जो पुन्हा पुन्हा वाटेत येतो तोच वहीत घे.

उजळणीचं तुला ठाऊक आहे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये दाखवलं, की विसरणं सुरुवातीला वेगाने होतं आणि मग मंदावतं. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, पुढच्या वाढत्या अंतराने. कार्डं करणार असशील तर एवढंच सांगते: एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ नको. वाक्य लिही आणि शब्दाची जागा रिकामी ठेव. शब्द ओळखणं आणि आठवून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि लिहिताना लागतं ते दुसरं. उच्चार मात्र पहिल्याच दिवशी ऐकून घे, आघातासकट, म्हणजे शब्दात जोर कुठे पडतो त्यासकट.

एक काळजी वाटते तीही सांगते. तू पाठवलेल्या निबंधात 'बिगिन'च्या जागी सगळीकडे 'कमेन्स' आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून आणखी आणले. त्यामुळे एकाच अर्थाचे शब्द तीन थरांत सापडतात: आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट. आपल्याकडे विचारणं, चौकशी करणं, पृच्छा करणं आहे ना, तसंच. मैत्रिणीला आपण 'तू काय पृच्छा केलीस?' म्हणत नाही. निबंधातले निम्मे 'कमेन्स' काढून तिथे 'बिगिन' परत ठेव. प्रगत शब्दसंपत्ती म्हणजे अवघड शब्द वापरणं नव्हे, कुठे कुठला शोभतो ते कळणं. हे कळायला वाचनाला पर्याय नाही, आणि वाचनाला वेळ लागतो. तो लागू दे.

तर या महिन्यात नवा शब्द घेऊ नकोस. तीनशेतले वीस निवड. प्रत्येकाची पाच खरी वाक्यं शोध, त्याचे शेजारी टिपून ठेव, मग स्वतःच्या अभ्यासातल्या विषयावर दोन वाक्यं लिही. सुरुवात 'मिटिगेट'पासूनच कर. वाक्यं झाली की पाठव, मी पेन्सिल घेऊन बसते.

तुझ्या बाई