आईची टीबीची गोळी, शुगरची गोळी आणि नेमकं धरायचं कुणाला?

प्रश्न : आई सांगोला तालुक्यात गावी एकटी असते, मी पुण्यात नोकरीला. तिला शुगर आहेच, त्यात मागच्या महिन्यात फुफ्फुसाचा टीबी निघाला. सरकारी गोळ्या चालू आहेत. पण आशाताई येते, सबसेंटरच्या मॅडम येतात, तालुक्याहून एक सर फोन करतात, आई म्हणते कोण कशाला येतंय तेच कळेना. शुगरचं औषध खाजगी डॉक्टरांचं. शहरात हॉस्पिटलला सगळ्या उपचारांचा मेळ घालणारा केअर कोऑर्डिनेटर असतो तसं गावात कुणीच नसतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : असतं की, फक्त त्या नावाची पाटी नसते आणि ते काम तिघाचौघांत वाटलेलं असतं, म्हणून घोळ वाटतो. आशाताई ही गावातलीच, साधारण हजार लोकांमागे एक. आईने गोळी घेतली का, उलटी-मळमळ होतेय का हे ती बघणार. टीबीच्या पेशंटचा साधा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करून घेतला की तिला 1000 रुपये मिळतात, सहा महिन्यांचे बरं का, महिन्याचे नाही! तेव्हा तिला रात्री दहाला फोन करताना जरा विचार करा.

सबसेंटरच्या मॅडम म्हणजे बहुतेक सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी) असतील, नाहीतर आरोग्यसेविका, एकदा विचारूनच घ्या. बीपी-शुगर तपासणं, त्याच्या गोळ्या देणं आणि गरज पडली तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्ला सेवेवर, मोठ्या डॉक्टरांशी बोलणं करून देणं हे सीएचओकडे. तालुक्याचे सर म्हणजे बहुतेक एसटीएस (सीनियर ट्रीटमेंट सुपरवायझर, टीबीच्या उपचारांवर देखरेख करणारे), टीबीच्या पेशंटची नोंद, गोळ्यांचा साठा, घरातल्या बाकीच्यांची तपासणी हे त्यांचं खातं. तुम्ही मधून मधून आईकडे राहायला जात असाल तर तुमचीही तपासणी करून घ्या.

आता तुमच्या केसमध्ये खरी गोची कुठे आहे सांगते. टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन असतं, त्याने शुगरच्या काही गोळ्यांचा, म्हणजे ग्लिमेपिराइड वगैरेंचा, असर कमी होतो, म्हणजे आई नेमाने गोळी घेतेय आणि शुगर मात्र वर, असं होऊ शकतं. आणि शुगर वाढलेली राहिली की टीबीही लवकर हटत नाही. खाजगी डॉक्टरांना टीबीचं सांगितलंय का? बऱ्याचदा लोक लाजेने सांगतच नाहीत. दोन्हीकडच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढा, सीएचओंना पाठवा, खाजगी डॉक्टरांनाही दाखवा, डोस मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नका. हे दोन कागद एकमेकांना भेटवायचं काम सध्या तरी तुम्हालाच करावं लागणार, पुण्यातून फोनवरही होतं ते.

आईला एक सांगून ठेवा, लघवी लालसर-केशरी होते त्याला घाबरायचं नाही, ते औषधामुळे. पण डोळे पिवळे दिसले, जेवण अजिबात जाईना, तर त्याच दिवशी आशाताईला कळवायचं आणि दवाखाना गाठायचा.

आणि हो, निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटच्या सकस आहारासाठीच्या सरकारी योजनेचे, महिन्याला 1000 रुपयांप्रमाणे पैसे आईच्या खात्यावर यायला हवेत, नोव्हेंबर 2024 पासून 500 चे 1000 झालेत. आले नसतील तर आशाताईवर चिडू नका, आधी खातं आधारला जोडलंय का ते बँकेत बघा, मग एसटीएसना फोन लावा.