चंब्याला जाशील तेव्हा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. मुक्काम डलहौसीला, एक दिवस खज्जियार आणि चंबा फक्त दुपारपुरता. माझं ऐक, हे उलटं कर. मुक्काम चंब्यातच ठेव. हिमाचलातलं, रावी नदीकाठचं हे गाव जेमतेम हजार मीटर उंचीवर आहे, बर्फासाठी तिथे कुणी जात नाही. पण दहाव्या शतकात राजा साहिल वर्मनने राजधानी वसवली, तेव्हापासून ते नांदतंय. ते दुपारभरात कसं कळणार?

सकाळी लक्ष्मीनारायणाच्या आवारात जा. दगडी शिखरांची सहा देवळं ओळीने उभी आहेत. मान वर करून बघ, शिखरांवर लाकडी छत्र्या दिसतील. पावसा-बर्फापासून दगड जपायला केलेली ती सोय आहे.

तिथून भुरी सिंह संग्रहालयात जा, १९०८ सालचं आहे. सोमवार टाळ, बंद असतं. पहाडी चित्रं आधी बघ आणि मग चंबा रुमाल. हा क्रम सोडू नकोस. पूर्वी लघुचित्रं काढणारे चितारीच कापडावर रेखाटन करून देत आणि बायका ते बिनपिळाच्या रेशमाने भरत. त्यामुळे चित्रातली रासलीला रुमालावर जशीच्या तशी ओळखू येते. लग्नातल्या भेटींची, देवाच्या नैवेद्याची ताटं या रुमालांनी झाकायची रीत होती.

विकत घेताना, पैठणीचा पदर आपण उलटून बघतो ना, तसा रुमाल उलटून बघ. टाका दोरुखा असतो, म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी भरल्या जातात. मागेही तीच गोपी, तोच मोर, आणि गाठ कुठेच नाही. गाठी दिसल्या तर ते दोरुखा काम नव्हे. अस्सल कामाला महिनोन्‌महिने लागतात, तेव्हा कृपा करून घासाघीस करू नकोस. परवडत नसेल तर लहानसा घे. याच कामासाठी ललिता वकील यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या बायकांनी शिकवत ठेवलं म्हणून ही कला आज हातात आहे.

जेवायला राजम्याचा मदरा माग. दही आणि तुपात मंद आचेवर शिजतो, कांदा-लसणाशिवाय. पण त्याची खरी चव धाममध्ये, म्हणजे तिथल्या पंगतीच्या जेवणात. लग्नाकार्याला 'बोटी' म्हणजे परंपरेने स्वयंपाक करणारे ब्राह्मण रांधतात आणि पंगत पत्रावळीवर बसते. कुणी आपुलकीने बोलावलं तर संकोच न करता जा. चुख मात्र बेताने घे. मिरची आणि गलगल लिंबाचं ते प्रकरण आपल्या ठेच्याला भारी पडतं.

जुलैअखेरचा मिंजर मेळा सुंदर असतो, पण पावसात दरडी कोसळून रस्ते अडतात. पहिल्यांदाच जाते आहेस, ऑक्टोबर धर. पठाणकोटपर्यंत रेल्वे, पुढे दिवसाउजेडीची बस. तिकिटं काढलीस की कळव.

तुझ्या बाई