पाण्यावरची घसरगुंडी आणि काठावरचा सातबारा

प्रश्न : पवना धरणाच्या जलाशयाकाठी आमचे लहानसे कृषी पर्यटन केंद्र आहे. पाहुण्यांच्या मुलांसाठी हवा भरलेली तरंगती घसरगुंडी आणली असून ती काठापासून शंभरेक फुटांवर वाळूच्या पोत्यांना बांधून ठेवण्याचा विचार आहे. काठची जमीन आमच्याच सातबाऱ्यावर आहे. तरीही परवानगी लागेल का? ‘स्वतःच्या जबाबदारीवर उतरावे’ अशी पाटी लावल्यास अपघाताची जबाबदारी टळेल का?
— एक वाचक, मावळ

उत्तर : आपला सातबारा पाण्यापर्यंत पोहोचत नाही. धरणासाठी संपादित झालेली हद्द पाण्याबरोबर मागेपुढे सरकत नाही; उन्हाळ्यात उघडी पडणारी गाळपेराची जमीनही शासनाचीच असते. त्यामुळे तळाशी पोती टाकण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे लेखी अर्ज करावा. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा केंद्राचे नोंदणीपत्र हा त्याला पर्याय नव्हे, आणि याच जलाशयातून पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी जात असल्याने परवानगी सहज मिळेल असेही गृहीत धरू नये.

घसरगुंडीला इंजिन नाही, म्हणजे ती नियमांबाहेर, हा समज चुकीचा आहे. जलमार्गात आपल्या वस्तूमुळे कोणाला अडथळा किंवा धोका झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकारी ती वस्तू हटवण्याचा आदेश देऊ शकतात. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल. पण संध्याकाळी परतणाऱ्या मच्छीमाराला पाण्यालगतचा काळा नायलॉनचा दोर दिसत नाही, आणि तो मोटारीच्या पंख्यात गुंडाळला गेला की प्रश्न दंडापुरता राहत नाही.

पाटीवर विसंबू नये. पैसे देऊन आलेला पाहुणा ग्राहक असतो आणि केंद्राच्या निष्काळजीपणाबद्दल तो ग्राहक आयोगाकडे भरपाई मागू शकतो. पाटीमुळे फार तर त्याला धोक्याची कल्पना दिली होती एवढेच दाखवता येईल, आणि लहान मुलांच्या बाबतीत तेवढेही नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

निष्काळजीपणा ठरवताना पाहिले जाईल ते आपल्या पोत्यांकडे. ५० किलो कोरडी वाळू पाण्यात जेमतेम तीस-एकतीस किलो भरते, आणि हवेने फुगलेली घसरगुंडी वाऱ्याला शिडासारखी सापडते. शिवाय पावसाळ्यात पाणी चढले की आखूड दोर पोती उचलू लागतो. उन्हाळ्यात उतरले की तोच दोर सैल पडून घसरगुंडी भलतीकडे भरकटते. म्हणजे एकदा बांधली आणि निर्धास्त झालो, असे येथे चालत नाही. जीवरक्षक आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट या गोष्टी तर गृहीतच आहेत.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रात्री पाण्यात सोडलेली घसरगुंडी गावातल्या पोरांना खुणावते, आणि ती पोरे आपली पाहुणी नव्हती हा बचाव न्यायालयात टिकेलच असे नाही. म्हणून रोज सूर्यास्तापूर्वी घसरगुंडी काठावर ओढून तिची हवा सोडावी. विमा घेताना पॉलिसीत पाण्यावरील खेळांचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. परवानगी नसेल तर दावा नाकारायला कंपनीला आयती सबब मिळते.